एका वायसरला लागणारा वेळ

पंपांचे वायसर आणि सील बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात त्याला सगळे वर्निअर म्हणत. मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारी ती पट्टी कायम त्याच्या खिशात असे, आणि बोलणंही तसंच. "दहा-बारा मिनिटांत येतो" असं कुणी म्हटलं की हा विचारणार, "दहा की बारा?" प्रेसवरच्या मुकादमाला सगळे टकल्या म्हणत. त्यानं एकदा भर जेवणाच्या शेडमध्ये विचारलं होतं, "काय रे, बायको पसंत केलीस तेव्हाही पट्टी लावली होतीस का?"

"नाही," तो म्हणाला. "तिनं लावली होती. थोडक्यात बसलो."

तो असा क्वचित बोलायचा, पण बोलला की लोक दोन दिवस सांगत फिरायचे.

एकोणीस वर्षं तो स्वतः प्रेसवर होता. साच्यात रबर भरायचं, साचा आत सारायचा, दांडा ओढायचा, सात मिनिटं थांबायचं, साचा बाहेर काढून गरम वायसर सोडवायचे. पाळीला पन्नास वेळा. साचा चौदा किलोचा. एका सकाळी साचा हातातून निसटला आणि डाव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीला माणूस आला तेव्हा त्यानं स्वतःच लिहून दिलं की यंत्राचा दोष नाही, हात तेलकट होता आणि मी फडकं घेतलं नव्हतं. टकल्या कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, हरिश्चंद्राच्या अवतारा, यंत्रावर ढकललं असतंस तर चार पैसे जास्त मिळाले असते!"

मग पाच महिने तो घरी होता. पहिल्या महिन्यात त्यानं दाराच्या बिजागऱ्या बसवल्या, दुसऱ्या महिन्यात मोरीचा उतार तपासला, तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कामावर जा. एका हातानं जा, पण जा. माझ्या डब्यांची झाकणं मोजून झाली तुमची, उद्या माझं तोंड मोजाल." ती हसत म्हणाली, तोही हसला. पण दुपारी तीनला सगळी गल्ली कामावर गेलेली असायची, तेव्हा तो पलंगाच्या कडेवर बसून असे आणि पट्टी बांधलेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळत नसे. बोटं गेल्याचं दुःख वर्षभरात बोथट झालं. ती दुपारची तीनची वेळ मात्र त्याच्या अंगात राहिली.

म्हाताऱ्या मालकांनी त्याला परत बोलावलं आणि एक टेबल दिलं. गिऱ्हाईक जुना, फाटका वायसर पाठवायचं. तो मोजायचा आणि नोंद करायचा. त्याच सुमारास कंपनीची वेबसाइट बनवणाऱ्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. मालक म्हणाले, "बघ रे, तुला जमतंय का." हिशेबनिसाच्या पुतण्याचं जाडजूड पुस्तक घेऊन सात बोटांनी तो शिकला. एका वायसरला एक पान. पानावर फोटो, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि कोणत्या पंपाला बसतो ते. चौदा वर्षांत अकराशे चौसष्ट पानं झाली. त्यातलं एकही माप चुकलं म्हणून माल परत आला नव्हता. हे तो कुणाला सांगत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मालक थकले आणि त्यांच्या खुर्चीत सूनबाई बसल्या. बाई वाईट नव्हत्या. कामाला वाघ होत्या, सकाळी सगळ्यांच्या आधी येत, खाली उतरून प्रेस बघत. त्यांनी एक दिवस वर्निअरला बोलावून आपला फोन पुढे केला.

"काका, आपली वेबसाइट यावर बघा बरं."

अक्षरं मुंगीएवढी होती. फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता.

"बावीस सेकंद," वर्निअर म्हणाला.

"काय?"

"पान उघडायला बावीस सेकंद लागतात. मी मागच्या महिन्यात मोजलं. गिऱ्हाईक थांबायचं नाही. नवी करायला हवी."

सूनबाई जरा चकितच झाल्या. त्यांनी वाद घालायची तयारी केली होती. मग त्या सरळच बोलल्या. नवी वेबसाइट एक बाहेरचा माणूस बनवून देईल. ती बनली की तिच्यावर पानं चढवायला संगणकावरचं कुठलं साधन घ्यायचं, हे काकांनी ठरवावं, कारण त्यांच्याइतकं त्यातलं कुणाला कळत नाही. मात्र नव्या साधनांवर दिवसभर एक माणूस बसवायची गरज राहणार नाही. खाली माल बांधणाऱ्या वहिनी अर्धा दिवस वर बसून ते करतील. तुम्ही त्यांना शिकवा. वर्षअखेरीला आपण तुम्हाला मानानं मोकळं करू.

"माझी अजून अडीच वर्षं आहेत," तो म्हणाला.

"हो काका. पण प्रेस तुम्हाला जमणार नाही, आणि गेटवर मी तुम्हाला बसवणार नाही. बरं दिसत नाही ते."

तो खाली आला. शेडमधलं घड्याळ बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि बघितलं. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

वहिनी म्हणजे रबर मळणाऱ्या मशीनवरच्या त्याच्या जुन्या सोबत्याची बायको. तो सोबती वारला आणि त्या माल बांधायला लागल्या, त्याला बारा वर्षं झाली होती. पाळीला एकशे चाळीस खोकी, प्रत्येक खोकं तीनदा फिरवायचं, चिकटपट्टी ताणायची, तोडायची, उचलून फळीवर ठेवायचं. सगळं उभ्यानं. त्यांचे गुडघे संध्याकाळी एवढे सुजत की जिना उतरताना त्या बाजूनं, एक एक पायरी, खेकड्यासारख्या उतरत. डॉक्टरांनी बसून काम करायला सांगितलं होतं. कारखान्यात बसून करायचं काम ते एकच होतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मला येईल ना हो? माझं शिक्षण म्हणजे आनंदीआनंद."

"करून बघू," तो म्हणाला.

नव्या वेबसाइटवाल्यानं तीन साधनं पुढे ठेवली होती. वर्निअरनं तीन दिवस दुपारच्या चहानंतर वहिनींना टेबलाशी बसवलं. रोज एक साधन, त्यावर तेच दहा वायसर चढवायचे. त्यानं घड्याळ लावलं आणि खिशातल्या वहीत पेन्सिलनं दोन रकाने आखले. एक वहिनींचा, एक स्वतःचा.

पहिल्या साधनात आयते चौकोन होते. नाव इथे, माप इथे, फोटो इथे, खाली एक बटण. महिन्याचं भाडं होतं, पण फार नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर वाण्याच्या यादीसारखं आहे!" एका वायसरला त्यांना चार मिनिटं लागली. त्याला साडेतीन.

दुसऱ्यात बटणांचं जंगल होतं. त्यांना अकरा, त्याला आठ.

तिसऱ्यात चौकोन नव्हते, बटणंही नव्हती. सगळं कोऱ्या पानावर ओळीनं लिहायचं. एका ओळीआधी दोन जागा सोडायच्या, दुसरीआधी चार. एक स्वल्पविराम राहिला, एक जागा जास्त सुटली, की पान उभंच राहत नाही, आणि का राहत नाही ते साधन सांगतही नाही. त्याला भाडं नव्हतं. वर्निअर चौदा वर्षं असंच लिहीत आला होता. त्याला तीन मिनिटं लागली. वहिनींना पहिल्याच वायसरला सव्वीस लागली, आणि तरी पान दिसलं नाही. दुसऱ्यालाही तेच झालं तेव्हा त्यानं थांबवलं.

"हे नको बाई," त्या घाम पुसत म्हणाल्या. "ते यादीचं बरं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येऊन त्यानं टेबलाशी बसून सूनबाईंसाठी तक्ता केला. तीन साधनं, प्रत्येकाचं भाडं, पान उघडायला लागणारे सेकंद, आणि शेवटचा रकाना. त्या रकान्यावर त्यानं लिहिलं, 'एका वायसरला लागणारा वेळ'. खाली आकडे घातले. साडेतीन, आठ, तीन.

आकडे खरे होते. हात कुणाचा, तेवढं लिहिलं नव्हतं.

तो तक्ता त्यानं अर्धा तास समोर ठेवला. एक रकाना वाढवायला दोन मिनिटं लागली असती. कागदावर जागा होती. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि सूनबाईंच्या खोलीत गेला.

सूनबाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "तिसरंच घ्यायचं की. भाडं नाही, उघडतं लवकर आणि वेळही सगळ्यात कमी. वेळ कुणी मोजला?"

"मी स्वतः. घड्याळ लावून."

"मग प्रश्नच मिटला."

वेबसाइटवाला तिथेच बसला होता. भला माणूस. तो जरा घुटमळला. "काका, तुम्हाला जमेल हो. पण दुसऱ्या कुणाला? थोडं किचकट आहे ते."

"शिकवीन मी," वर्निअर म्हणाला.

खाली वहिनींनी विचारलं, "यादीचं घेतलं ना?"

"वर तिसरं ठरलं."

त्यांनी हातातली चिकटपट्टी तोडली. मग म्हणाल्या, "असू दे. तुम्ही मोजूनच दिलं असेल. शिकेन मी."

नवी वेबसाइट सहा आठवड्यांत उभी राहिली. चांगलीच झाली होती. दोन सेकंदांत उघडायची, फोनवर अक्षरं ठसठशीत. सूनबाईंनी सगळ्यांना दाखवली. टकल्या म्हणाला, "वा! आता वायसरसुद्धा पावडर लावून फोटोला बसले की!"

वहिनी रोज दोन ते सहा वर बसू लागल्या. लेकीनं त्यांना नवी वही आणून दिली होती. तिच्यात त्या सगळं उतरवून घेत. 'आधी दोन जागा, मग नाव, मग दोन ठिपके.' वर्निअरनं शिकवण्यात कुचराई केली नाही. जे शिकवायचं ते नीटच शिकवलं, पुन्हा पुन्हा शिकवलं, आवाज चढवला नाही. चांगलं शिकवलं तर निदान पाप अर्धं होईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. पण चाळीस वर्षं ज्या हातानं पीठ, रबर आणि खोकी ओळखली, त्याला न दिसणाऱ्या जागा कशा मोजता येणार? दोन आणि तीन यांतला फरक पडद्यावर दिसतच नव्हता. वहिनी पडद्याला नाक लावून बसत. दिवसाला त्यांचे पाच वायसर होत, त्यांतले तीन दुसऱ्या दिवशी वर्निअर दुरुस्त करी.

"माझंच डोकं मडकं," त्या म्हणत.

"तसं नाही, वहिनी."

"मग कसं?"

त्याला उत्तर देता येत नसे. म्हणजे येत होतं.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी वहिनींच्या हातून एक स्वल्पविराम राहिला आणि सगळी यादीच कोरी झाली. अकराशेहून जास्त वायसरांपैकी एकही दिसेना. वर्निअर त्या दिवशी बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता. फोन वाजत राहिले. तो पाच वाजता आला आणि त्यानं चार मिनिटांत ते सरळ केलं. पण तोवर सूनबाई जिन्यात उभ्या राहून, खाली सगळे ऐकत असताना, अगदी मऊ आवाजात म्हणून गेल्या होत्या, "जाऊ द्या वहिनी. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमते असं नाही. तुम्ही तुमचं खालचंच बघा. काका आहेत." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या. वर्षअखेर आली आणि गेली. वर्निअरला मोकळं करायचा विषय कुणी काढला नाही. ज्यासाठी केलं ते मिळालं होतं. टेबल होतं, खुर्ची होती, दुपारी तीनला काम होतं.

खाली मात्र एक विनोद जन्माला आला होता. वहिनी खोकं उचलायला लागल्या की टकल्या ओरडायचा, "वहिनी, दोन जागा सोडून ठेवा बरं का!" कुणी चहा सांडला की दुसरा म्हणायचा, "स्वल्पविराम राहिला वाटतं." वहिनी हसायच्या. पहिले काही दिवस उत्तर द्यायच्या, "तुझ्या डोक्यावर तर सगळ्याच जागा सुटल्यात रे." नंतर नुसत्या हसायच्या. मग तेही राहिलं. वर्निअर वरून ऐकायचा. विनोद दिवसातून किती वेळा होतो ते तो नकळत मोजू लागला. सात. नऊ. एका शनिवारी अकरा.

त्या पुढच्या सोमवारी त्यानं तक्ता पुन्हा केला. या वेळी दोन रकाने घातले, आणि तो सूनबाईंकडे गेला. सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "पहिलं साधन घेतलं असतं तर वहिनी आज वर बसल्या असत्या," तो म्हणाला. "मी माझ्यासाठी तिसरं घ्यायला लावलं."

सूनबाईंनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले.

"काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"नाही," तो म्हणाला.

"पण आता काय करू मी? सगळं उलटं फिरवायचं तर पुन्हा दोन महिने. वेबसाइट चाललीय चांगली. आणि त्या खाली बऱ्या आहेत. त्यांच्या वयाच्या माणसाला संगणकाचा त्रासच होतो."

वर्निअर वहिनींपेक्षा चार वर्षांनी मोठा होता.

"मग मला काढा," तो म्हणाला.

"आणि ते कोण सांभाळणार?" सूनबाईंनी तक्त्यांवर वजन ठेवलं. "जा काका. झालं ते झालं. पुन्हा हा विषय नको."

तो खाली वहिनींकडे गेला. त्या पट्टी ताणत होत्या. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी पट्टी तोडली, चिकटवली, अंगठ्यानं दाबली.

"पहिल्यात मला किती लागली होती?"

"चार मिनिटं."

"आणि तुम्हाला?"

"साडेतीन."

"म्हणजे मी ढ नव्हते."

"नव्हतात."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. "लेकीला मी सांगून बसले, की मला नाही जमत म्हणून. ती वही तिनं परत नेली." मग म्हणाल्या, "हे शेडमध्ये सांगाल? सगळ्यांसमोर?"

"सांगतो."

जेवणाच्या सुट्टीत तो उभा राहिला. असं तो कधी उभा राहिला नव्हता, म्हणून चमचे थांबले. त्यानं चार वाक्यांत सांगितलं. वहिनींचा वेळ मी लपवला. वहिनींना जमत होतं. अवघड साधन मी माझी नोकरी राहावी म्हणून निवडलं. चूक वहिनींची नाही, माझी आहे.

टकल्या हसला. वाईट हसला नाही, मायेनं हसला.

"बस रे बाबा, बस. वर्निअरनं माप चोरलं म्हणे! अरे, ज्यानं स्वतःची बोटं गेली तरी यंत्राला दोष दिला नाही तो!"

"खरं सांगतोय मी."

"हो रे, हो. वहिनींना वाईट वाटतंय म्हणून बोलतोयस. कळतं आम्हाला." तो इतरांकडे वळला. "ऐका, आता बास झाली ती वहिनींची मस्करी. बघा, बिचाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं."

वर्निअरनं खिशातली वही काढली, पेन्सिलीचे दोन रकाने उघडून धरले. वही दोन-तीन हातांतून फिरली. एकजण म्हणाला, "पेन्सिलीचं आहे. काल लिहिलं असेल." कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. चमचे पुन्हा वाजू लागले.

मस्करी त्या दिवसापासून थांबली. वहिनी ढ आहेत, पण बिचाऱ्या आहेत, असं ठरलं.

सुट्टी संपल्यावर तो त्यांच्या फळीपाशी गेला. "वहिनी, मी ते पहिलं साधन घरी माझ्या खर्चानं घेतो. चार दिवसांत थोडी पानं तिकडे नेऊन दाखवतो. तुम्ही सूनबाईंसमोर बसा, दहा वायसर करून दाखवा. घड्याळ त्यांच्या हातात देऊ."

"नको."

"तुम्हाला जमेल."

"जमेल हो. ते मला आता माहीत आहे." त्यांनी कंबर सरळ केली, गुडघ्यावर हात दाबला. "पण आता मी वर जाऊन बसले तर लोक म्हणणार, वर्निअरनं दया केली म्हणून बसली. ते ऐकत बसण्यापेक्षा उभी बरी."

तो तसाच उभा राहिला. वहिनींनी पुढचं खोकं ओढलं, तीनदा फिरवलं, पट्टी लावली आणि उचललं. ते छातीशी धरून त्या थांबल्या, कारण तो फळीच्या आणि त्यांच्या मधे उभा होता.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.

तो सरकला.